पिंपावरचा दगड

आत-बाशी, २० ऑक्टोबर

आर्गेन,

तुझा फोन लागत नाही, म्हणून कागद घेऊन बसले. तुझी आई सांगत होती की तू अल्माटीत कुठल्याशा बांधकामावर लागलायस आणि ती साबिरच्या मिनीबसमधून तुला लोणी नि सुकं मांस धाडते. म्हटलं, त्याच पिशवीत आपलंही चिठोरं जाऊ दे. साबिरला बजावलंय, हरवलंस तर पुढच्या खेपेला या घरात चहा मिळायचा नाही.

कुतमान गेल्याचा चाळिसावा दिवस सहा नोव्हेंबरला आहे. ये. माझ्या मुलाला खांदा द्यायला त्याचा भाऊ नव्हता हे गावानं एकदा बघितलं, पुन्हा नको. भाऊच म्हणते मी. तू जन्मलास तेव्हा तुझी आई नारिनच्या दवाखान्यात महिनाभर पडून होती. माझी मीरिम तेव्हा अंगावर पीत होती. तिला एका बाजूला नि तुला दुसऱ्या बाजूला घेऊन मी पाजलंय. मीरिम बिचारी गरीब, तू मात्र चावायचास. पुढे कुतमान झाला आणि चालायला लागला तो तुझ्याच मागे. तू झाडावर चढलास की हा खाली उभा राहून रडायचा. शहरात तुझ्याच विद्यापीठात जायचं म्हणाला, तुझ्याच गिर्यारोहण क्लबात नाव घालायचं म्हणाला, तेव्हा मला वाटलं, बरंच झालं. निघताना मी त्याला एकच सांगितलं होतं, "थोरला भाऊ आहे तो तुझा. बाइके म्हणायचं आणि तो सांगेल ते ऐकायचं."

ऐकलंन.

तुमच्या क्लबच्या मुलांनी आम्हाला सांगितलं ते असं, की नव्या मुलांना पहिल्यांदा डोंगरावर नेलं, कुतमानला उंची बाधली, हिमनदीखालच्या झोपडीत रात्री त्याचा श्वास कोंडला आणि खाली आणेपर्यंत तो गेला. डॉक्टरनं तेच लिहिलं. त्याच्या बापानं, जुमाबेकनंही तेच मानलं. त्याला मानावंच लागलं, नाहीतर तो दावणीच्या घोड्यांवर ओरडत बसतो.

दवाखान्यातून त्याच्या अंगावरचे कपडे मिळाले. पायात बाजारातले पातळ मोजे होते. मी उंटाच्या लोकरीचे जाड मोजे विणून दिले होते, ते सोडून त्यानं हे का घातले, याचाच विचार मी दोन दिवस करत बसले होते. माणूस असल्या वेळी कशाचाही विचार करतो.

मग त्याची पाठीवरची मोठी बॅग आली. वर कुणीतरी कपड्यांच्या नीट घड्या करून ठेवल्या होत्या, कुणा मुलीनंच केलं असणार. मी ती तळापर्यंत उपसली. त्यात एक वस्तू जास्त निघाली. काय ते तुला सांगायला नको. ती मी खारवायला घातलेल्या कोबीच्या पिंपावर वजन म्हणून ठेवली आहे.

चाळिसाव्याला ये. जेवायला घालीन, ओरडणार नाही.

तुझी अनारकान आपा

आत-बाशी, १० नोव्हेंबर

आर्गेन,

आला नाहीस. तुझे वडील आले. सोबत कासिम आजोबा, आणखी चार पांढऱ्या दाढ्या आणि एक मेंढा. मेंढा चांगला आहे, शेपटीला भरपूर चरबी. तो दारात बांधून सगळे आत येऊन बसले, मी चहा दिला, पिठाचे बोरसोक तळलेले होते ते ठेवले.

तुझे वडील म्हणाले, "अनारकान, मान खाली घालून आलोय."

मी म्हटलं, "ओस्मोनाली बाइके, तुमची मान कशाला? ज्याची घालायची तो कुठाय?"

"पोर घाबरलंय."

"माझं पण घाबरलं असेल की."

कासिम आजोबांनी घसा खाकरला. म्हणाले, "हे बघ सुनबाई, पोरंच ती. हसतखेळत डोंगरावर गेली. कुणाच्या पोटात पाप नव्हतं. ज्यानं दिलं त्यानं नेलं. आता दुवा करू आणि दोन घरं पुन्हा एक होऊ दे." आणि त्यांनी तळवे वर धरले. सगळ्यांनी धरले. जुमाबेकनं धरले.

तुला माहीत आहे आपली रीत. तळवे वर करून तोंडावरून फिरवले की झालं, मग त्या गोष्टीवर कुणी बोलायचं नाही. आईनं फिरवले की पोलिससुद्धा फाईल बांधून ठेवतात. माझे हात मांडीवर होते, ते मांडीवरच राहिले. जुमाबेक कोपरानं ढोसतोय, "अगं हात, हात." आजोबांचे हात हवेत थरथरायला लागले, म्हातारा माणूस.

मी म्हटलं, "माझे हात पिठाचे आहेत."

पीठ कुठलं? बोरसोक सकाळीच तळून झाले होते, समोर ताटलीत होते, लोक खात होते. त्यांनी माझ्याशिवाय दुवा उरकली आणि उठले. पण माझ्याशिवाय केलेली दुवा म्हणजे काय, ते त्यांनाही कळतं नि मलाही. मेंढा तसाच बांधलेला आहे. मी त्याला कापू देत नाही. जुमाबेक रोज त्याला गवत घालतो आणि माझ्याकडे बघत नाही.

गावात बायका म्हणतात, अनारकानचं काळीज दगडाचं झालंय. म्हणू देत. दगड कुठे आहे ते मला माहीत आहे आणि तुला माहीत आहे.

आता उघडच लिहिते. भाकरीएवढा करडा दगड, एका बाजूला धार. बॅगेच्या तळाशी, दोरखंडाच्या खाली. असा दगड आपला आपण बॅगेत शिरत नाही, आणि मातीलाही न थांबता पळालास तो तू एकटाच. हे मी तपासनीसाला सांगितलेलं नाही, जुमाबेकला तर नाहीच. त्याला कळलं तर तो बंदूक घेऊन अल्माटीला येईल. तो कोबी खातो, पिंपावरचा दगड उचलतो, परत ठेवतो. परवा म्हणाला, "हा दगड बरा आणलास, जड आहे." मी परसात जाऊन रडले.

मला तुला तुरुंगात घालायचं असतं तर एका फोनचं काम होतं. मला एवढंच हवंय की तू इथे यावंस आणि "दगड मी घातला" हे चार माणसांत तुझ्या तोंडानं म्हणावंस. मग मी हात वर करीन. तू न म्हणता केले तर ते हात माझे नव्हेत.

कुतमानचे कपडे रीतीप्रमाणे जवळच्यांना आठवण म्हणून वाटले. कोट माझ्या भावाला, टोपी साबिरला. मोज्यांची एक जोडी मी मागे ठेवली.

अनारकान आपा

आत-बाशी, १८ जानेवारी

आर्गेन,

तुमच्या क्लबची बेगीमाय येऊन गेली. ती काटकुळी, चष्म्याची. बर्फात घाट ओलांडून आली बिचारी, बूट भिजलेले. दोन दिवस राहिली. घड्या तिनंच केल्या होत्या.

बसल्या बसल्या म्हणाली, "आपा, सगळे म्हणतात तो हसत होता. खरंच हसत होता हो. माझ्याकडे व्हिडिओ आहे. बघायचा का?"

बघितला. चढावर नव्या पोरांची रांग आहे आणि कुतमान सगळ्यात मागे. तुम्ही ओरडताय, "ए म्हाताऱ्या, काठी देऊ का?" "आत-बाशीचा घोडा दमला रे!" "कुतमान, तुझ्या आईनं बॅगेत मेंढी भरलीय काय?" आणि सगळे खो खो हसताय, कारण बॅगेत काय आहे ते थोरल्यांना माहीत आहे. कुतमानही हसतोय. चांगला दात दाखवून हसतोय.

मी म्हटलं, "पोरी, आवाज बंद करून पुन्हा लाव."

आवाज नसला की ते हसणं हसण्यासारखं दिसत नाही, आर्गेन. ओठ काळेनिळे पडलेत. हसून झालं की तोंड तसंच उघडं राहतं, हवा ओढायला. आणि डोळे सगळा वेळ एकाच जागी, सरळ माझ्याकडे. मग माझ्या ध्यानात आलं, मी तिथे कुठे होते? फोन कुणाच्या हातात होता, विचारलं. बेगीमाय खाली बघून म्हणाली, "आर्गेन बाइकेच्या."

म्हणजे तो तुझ्याकडे बघत होता.

तो लहान असताना जुमाबेकचा घोडा त्याला घेऊन उधळला होता. आठवतं? तू धावत जाऊन लगाम धरलास. तेव्हाही तो हसत होता, नि खाली उतरवल्यावर चड्डी ओली. तू ती नदीवर धुऊन आणलीस आणि कुणाला कळू दिलं नाहीस. त्याचं भीतीचं हसणं तुझ्याइतकं कुणाला ओळखता येत होतं?

मी काही थट्टेची वैरी नाही. या घरात सून म्हणून आले तेव्हा नणंदांनी माझ्या चहात लाल मिरची कालवली. सगळ्या बायका बसलेल्या, मी नवी. प्यायले आणि हसले. त्यांनी दुसरा वाडगा दिला, तोही प्यायले. तिसरा भरला तेव्हा त्या लोळून हसत होत्या नि मीही हसत होते, कारण दुसरं काय करणार? तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं. नुसतं बघितलं. उठल्या, वाडगा माझ्या हातून घेतला, स्वतः घटाघटा प्यायल्या आणि म्हणाल्या, "संपला खेळ. पोरींनो, भांडी घासा." आज त्याच नणंदांबरोबर मी ती गोष्ट सांगून पोट धरून हसते. पहिला वाडगा गंमतच होती. तिसराही गंमतच म्हणून भरला होता. मधे कुणीतरी माझ्या तोंडाकडे बघितलं, म्हणून मला आज हसता येतं.

तुमच्यात एकानंही बघितलं नाही. तू तर फोनमधून बघत होतास.

बेगीमायला मी विचारलं, तू का नाही बोललीस? म्हणाली, "आपा, मी पण नवीनच. थोरल्यांना कसं सांगणार?" मग माझ्या कुशीत शिरून रडली. मी तिला कुतमानच्या खोकल्यासाठी ठेवलेली रानातल्या बिज्जूची चरबी पाजली. नाक दाबून प्यायली.

मला त्याची फार आठवण येते. सकाळी दूध काढताना जास्त येते.

आपा

आत-बाशी, २५ मार्च

आर्गेन,

तुझं पत्र मिळालं. सहा ओळी. साबिर म्हणाला, तू त्याला दोनदा परत बोलावलंस आणि दोनदा पत्र काढून घेतलंस. तिसऱ्यांदा तो पळालाच.

तू लिहितोस: "आपा, आमच्यात ही पद्धतच आहे. पहिल्या चढाईला नव्याच्या बॅगेत दगड घालतात. वर झोपडीत पोचलं की काढून सगळ्यांसमोर त्याला बक्षीस देतात, त्यावर नाव लिहितात, सगळे हसतात. मलाही घातला होता. कुतमान वर पोचला तोच आडवा झाला, म्हणून दगड बॅगेतच राहिला. त्याला माहीत नव्हतं. त्याला कळलं असतं तर त्यानं काढून टाकला असता आणि मला शिव्या घातल्या असत्या. रोज रात्री मी हाच विचार करतो."

खरं लिहिलंस, म्हणून आधी शाबास. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यासाठीही.

आता माझं ऐक. तुला घातला होता तेव्हा तू पहिल्या वर्षी सुट्टीला घरी आला होतास. आईला दाखवायची लाज वाटली म्हणून माझ्याकडे आलास आणि शर्ट वर केलास. कंबरेवर तळहाताएवढं सालटं निघालं होतं, पू झाला होता. मी मेंढीच्या शेपटीची चरबी गरम करून चोळली. विचारलं तर म्हणालास, "पडलो, आपा." हसत म्हणालास. तेव्हा बक्षिसाचं काही बोलला नाहीस.

ते जर इतकं हसण्यासारखं होतं, तर मला का नाही सांगितलंस? मला गमती आवडतात हे तुला माहीत होतं. आणि कातडं सोलवटलं की कसं लागतं हे पाठीला माहीत असताना तोच दगड तू माझ्या पोराच्या पाठीवर ठेवलास. मी तीन दिवस हे वाक्य लिहू का नको करत होते. लिहिलं. तुला दुष्ट म्हणत नाहीये. दुष्टाला मी दूध पाजलेलं नाही. तुला कुणीतरी दिलं ते तू पुढे दिलंस, एवढंच केलंस तू, आणि माझा मुलगा मेला.

शरदात त्याच्या वर्षाचं जेवण घालायचं आहे. तीन गावं येतील, घोड्यांच्या शर्यती होतील. तुझ्या वडिलांचा मेंढा आता एवढा माजलाय की जुमाबेकला ढुशी देतो. मी परत विचारत नाही. यायचं तर ये.

आपा

आत-बाशी, ५ ऑक्टोबर

आर्गेन, माझ्या बाळा,

तू गेल्याला आठवडा झाला, जेवणावळीच्या कढया घासून झाल्या. आज चूल पेटवली आणि लिहायला बसले.

तू आलास तेव्हा मी ओळखलंच नाही. इतका वाळलास! दोनशे माणसं बसलेली, कढया उकळतायत, आणि तू बूट काढून तंबूच्या मधोमध येऊन उभा राहिलास. कासिम आजोबा म्हणाले, "बस रे पोरा, आधी खाऊन घे." तू म्हणालास, "खाण्याआधी बोलायचं आहे." मग म्हणालास, "दगड मी घातला. तो मागे पडत होता तेव्हा मी हसत होतो. आम्ही तपासनीसाला खोटं सांगितलं. मी उद्या जाऊन खरं सांगणार आहे." तुझ्या वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. जुमाबेक उठला आणि घोड्यांकडे गेला. मला वाटलं, बंदूक आणतो. पण तो नुसता उभा होता, घोड्याच्या मानेत तोंड घालून. सगळ्यांना दिसत होतं.

मग मी हात वर केले. सगळ्यांच्या आधी मीच केले. चेहऱ्यावरून फिरवताना माझे तळवे ओले झाले. मेंढा कापला. जुमाबेकनं परत येऊन तुझ्यापुढे मांसाची ताटली ठेवली. तो अजून बोलणार नाही, वाट बघ.

तू तपासनीसाकडे खरंच गेलास हे साबिरकडून कळलं. व्हायचं ते होईल. आत घातलं तर लोकरीचं काहीतरी विणून पाठवीन.

आणि साबिर आणखी एक गोष्ट म्हणाला. तू क्लबात जाऊन नव्या पोरांपुढे बोलतोस. त्यांना सांगतोस, "निघण्याआधी बॅग तळापर्यंत तपासा. दगड सापडला तर फेकून द्या, घाबरू नका. कुतमानला कळलं असतं तर तो आज जिवंत असता." इथून जाताना, माझ्या दारातही तू हेच म्हणून रडलास, "त्याला कळलंच नाही, आपा. एवढंच बरं, त्याला शेवटपर्यंत कळलं नाही." मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गप्प बसले. वर्षभर गप्प बसलेय. गप्पच मरणार होते. तुला आणखी किती ओझं द्यायचं?

पण तू त्या पोरांना चुकीचं सांगतोयस, म्हणून आता लिहावं लागतं.

दगड मला मोकळा सापडला नव्हता. तो मोज्यांत होता. मी विणलेल्या, उंटाच्या लोकरीच्या. एक मोजा एका बाजूनं चढवलेला, दुसरा दुसऱ्या बाजूनं, आणि धारेच्या जागी दुहेरी दुमडलेला, पाठीला टोचू नये म्हणून. ते तुम्ही केलेलं नाही. दुमडायची ती पद्धत माझी आहे, मीच त्याला शिकवली होती. कुठेतरी वाटेत विसावा घेताना त्यानं बॅग उघडली, दगड हाती लागला, तू घातलायस हे ओळखलं, पायातले मोजे काढून दगडाला घातले आणि होता तिथे परत ठेवला. तुझी गंमत मोडू नये म्हणून. तू वर पोचल्यावर सगळ्यांसमोर काढशील आणि तो चकित झाल्यासारखं दाखवील, म्हणून.

मीच सांगितलं होतं ना त्याला, बाइकेचं ऐक म्हणून.

तेव्हा त्या पोरांना फेकून द्या असं सांगू नकोस. ती फेकणार नाहीत. ज्याला तुमच्यात यायचंय तो दगड ओळखूनही उचलील आणि वर हसेलही. बोलायचं तर थोरल्यांशी बोल. त्यांना सांग, फोन खिशात ठेवा आणि मागच्याच्या तोंडाकडे बघा. तो हसत असला तर आणखी जवळ जाऊन बघा.

यंदाही कोबी घातलाय, दगड पिंपावर आहे. साबिरकडे मोजे देतेय. धुतलेले नाहीत. रीतीप्रमाणे सगळ्यांना त्याचं काही ना काही मिळालं, तुझी वाटणी तेवढी राहिली होती.

तुझी आपा